अब्बांची बोलणी

समीनाला स्वतःला रागावायची सवय होती, आणि ती सवय आहे हे पस्तिशी उलटून गेली तरी तिला कळलं नव्हतं.

कोथरूडच्या एका लॅबमध्ये ती रक्त घ्यायचं काम करायची. राहायला बावधनला. हात हलका म्हणून तिचं नाव होतं. लहान मुलांना नाहीतर म्हाताऱ्या माणसांना घेऊन आलेले लोक काउंटरवर मुद्दाम सांगायचे की समीनाताईंकडेच पाठवा. तरी दिवसातून एखादी शीर चुकायचीच. मग ती पेशंटची माफी मागायची, दुसऱ्या दंडाला पट्टा बांधायची आणि मनातल्या मनात सुरू व्हायची. हात आहेत का पाय? येडी कुठली. इतकी वर्षं काय गवत उपटलंस? भाजीला मीठ जास्त झालं, गाडी लावताना खांबाला घासली, कुणाला फोन करायचा राहून गेला, की पुन्हा तेच. तिला वाटायचं, सगळ्यांच्याच डोक्यात असं चालू असणार. घरात फ्रिजचा आवाज असतो तसं.

जानेवारीत तिच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला.

अन्वर तांबोळी पौडच्या बाजारपेठेत राहायचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी स्वतःचा टेम्पो चालवला होता. मुळशीतला तांदूळ आणि कांदे-बटाटे घेऊन ताम्हिणी घाटातून खाली माणगावला जायचं आणि तिकडून नारळ भरून परत यायचं. पुढे डोळ्यांनी दगा दिला तेव्हा टेम्पो विकला आणि ते घरापुढच्या ओट्यावर बसू लागले. येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा मारण्यात त्यांचा दिवस जायचा. झटका आला तेव्हा वेळेत दवाखान्यात पोचले म्हणून जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि जीभ जड झाली. गप्पिष्ट माणूस, पण आता साधं पाणी मागायचं तरी शब्द सापडत नव्हता. पाण्याला भाकरी म्हणायचे आणि आपण चुकलो हे कळून आणखी कष्टी व्हायचे.

धाकटा भाऊ फरहान दुबईहून आला आणि सुट्टी संपल्यावर परत गेला. अम्मा, म्हणजे रहिमतबी, गुडघ्यांनी बेजार. तेव्हा समीनाने नवऱ्याशी बोलून रजा काढली आणि माहेरी येऊन राहिली.

व्यायाम शिकवायला पिरंगुटहून जुईली नावाची एक मुलगी यायची. मुलगीच म्हणायची, कारण वयाने लहान होती, पण कामाला पक्की होती. ताटातला राजमा एकेक करून वाटीत टाकायचा, स्पंजचा चेंडू दाबायचा, शर्टाची बटणं लावायची. मग चित्रं दाखवून शब्द म्हणवून घ्यायचे. पान. पाणी. पाऊस. अन्वरमियां घामाघूम होऊन प्रयत्न करायचे, आणि राजम्याचा दाणा हातातून निसटला की त्यांच्या तोंडून एक वाक्य बाहेर पडायचं, कुठेही न अडखळता, अगदी खणखणीत.

"अन्वऱ्या, गाढवा, डोस्क्यात भुसा भरलाय का रं तुझ्या?"

पहिल्यांदा हे झालं तेव्हा समीना आनंदाने आतून धावत आली. अब्बा बोलले म्हणून. जुईलीने तिला बाजूला घेऊन समजावलं की यात आश्चर्य नाही. माणूस जे शब्द जन्मभर विचार न करता बोलत आलेला असतो, ते अशा आजारातही बऱ्याचदा शाबूत राहतात. पाठ असलेली प्रार्थना येते, एक-दोन-तीन येतं, शिव्या येतात. नवीन वाक्य जुळवायला मात्र फार कष्ट पडतात.

समीनाला हे वाक्य लहानपणापासून पाठ होतं. घरातली ती एक गंमतच होती. अब्बा टेम्पोची किल्ली विसरले की ओट्यावरूनच स्वतःला झापायचे. चहा सांडला की अन्वऱ्या, गाढवा. पाना हातातून पडला की अन्वऱ्या, गाढवा. पोरांना, बायकोला, गिऱ्हाइकाला त्यांनी कधी वाकडा शब्द लावला नाही, जो काही लावायचा तो स्वतःला. संध्याकाळी समीना आणि फरहान त्यांची नक्कल करायचे. समीनाची नक्कल जास्त हुबेहूब असायची. शेजारच्या रत्नाबाई सुद्धा तिला बोलावून करायला लावायच्या आणि पदर तोंडाला लावून हसायच्या. ते दिवस आठवले की समीनाला अजून बरं वाटायचं. ओट्यावरचा रॉकेलचा वास, पोत्यांतून सांडलेले तांदूळ टिपायला आलेल्या चिमण्या, आणि दिवसभराच्या धुळीने पांढऱ्या झालेल्या भुवया घेऊन हसणारे अब्बा.

आता मात्र ते वाक्य ऐकताना हसू येत नव्हतं. दिवसभर तेच. चमचा पडला, गाढवा. शब्द सापडला नाही, गाढवा. पुढे रमजान आला. अम्माने पहाटे सहरीला उठून भाकऱ्या थापल्या, आणि अन्वरमियां पलंगावर बसून बघत राहिले. डॉक्टरांनी रोजा ठेवायचा नाही म्हणून बजावलं होतं. अम्मा म्हणाली की आजाऱ्याला अल्लानेच सूट दिली आहे, मग तुमी कोन वाईट वाटून घेनारे. पण ते भिंतीकडे तोंड करून पुटपुटतच राहिले.

त्याच दिवसांतली ही गोष्ट. डॉक्टरांनी एक तपासणी सांगितली होती. त्यासाठी म्हाताऱ्या माणसाला गाडीत घालून कुठे न्यायचं, म्हणून समीनाने ठरवलं की रक्त आपणच घ्यावं आणि कोथरूडला जाऊन लॅबमध्ये द्यावं. दुपारची वेळ होती. खिडकीतून उजेड चांगला येत होता. अब्बांचा डावा हात तिने उशीवर ठेवला, पट्टा बांधला, शीर बोटाने चाचपली आणि सुई घातली. शीर सरकली. रक्त आलं नाही. तिने सुई जराशी फिरवून पाहिली, अब्बांच्या कपाळाला आठी पडली, आणि तिने सुई काढून घेतली.

लॅबमध्ये असती तर ती मनात बोलली असती. पण हे माहेर होतं आणि ती थकलेली होती. तोंडातून मोठ्यानेच निघून गेलं. "हात हायेत का पाय? येडी हायेस तू समीना, निव्वळ येडी. काय कामाची न्हाईस."

अब्बांनी तिचं मनगट धरलं. डाव्या हाताने, पट्टा बांधलेल्या. त्यांच्या हातात इतका जोर शिल्लक असेल असं तिला वाटलं नव्हतं. ते तिच्याकडे बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. तिला वाटलं, सुई दुखली असेल, म्हणून ती माफी मागू लागली. त्यांनी मान हलवली. बराच वेळ गेला. एकेक शब्द खोल विहिरीतून बादली ओढावी तसा वर येत होता.

"माझ्या... लेकीला..." ते म्हणाले. मग थांबले. कपाळावर घाम आला. "माझ्या लेकीला... असं... बोलायचं न्हाई."

समीनाला क्षणभर वाटलं की अब्बांचा गोंधळ झालाय, समोर कोण बसलंय ते त्यांना कळत नाहीये. पण त्यांचे डोळे अगदी स्वच्छ होते. गल्लीत कुणी तिला येडी म्हणालं असतं तर ज्या नजरेने त्यांनी त्या माणसाकडे पाहिलं असतं, त्या नजरेने ते तिच्याकडे बघत होते. झटका आल्यापासून त्यांनी स्वतः जुळवलेलं ते पहिलं पुरं वाक्य होतं. अम्मा दारात येऊन उभी राहिली होती, तिनेही ऐकलं.

समीनाने आधी पट्टा सोडला. मग तिला रडू आलं, आणि ती त्यांच्या उशीपाशी डोकं टेकून पोटभर रडली. ते तिच्या केसांवर हात फिरवत राहिले. थोड्या वेळाने तिने तोंड धुतलं, हात धुतले, नवी सुई घेतली. या वेळी शीर सापडली.

इफ्तारी झाल्यावर, खजुराच्या बिया गोळा करता करता, तिने विषय काढला. ती म्हणाली की अब्बा, तुमच्या लेकीला तसं बोलायचं नसेल तर माझ्या बापालाही कुणी गाढव म्हटलेलं मला चालणार नाही. हे बोलणं मी कुठून शिकले, तुम्हीच सांगा. अन्वरमियांनी दोन बोटं वर करून मागे कुठेतरी दाखवलं आणि एकच शब्द म्हणाले, "अब्बा."

त्यांचे अब्बा. समीनाने आजोबांना पाहिलेलं नव्हतं. अम्माने सांगितलं ते असं. आजोबा आठवड्याच्या बाजारात विड्याची पानं विकायचे. स्वभावाने कडक. पोराने पानांवर पाणी कमी मारलं तरी गाढवा, जास्त मारलं तरी गाढवा, डोक्यात भुसा भरलाय का. लग्न होऊन अम्मा या घरात आली तेव्हा तिने हे स्वतः ऐकलेलं होतं. "सासरे गेले," अम्मा म्हणाली, "आन त्यांची ड्युटी ह्यांनी स्वतःच उचलली. एक दिवस खाडा केला न्हाई."

अन्वरमियां वाकड्या झालेल्या तोंडाने थोडेसे हसले. पण समीनाला त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटत राहिलं की आपण ज्याची हुबेहूब नक्कल करायचो ती गंमत नव्हती. ज्यांना तिने कधी पाहिलं नाही त्या आजोबांचा आवाज एका माणसाकडून दुसऱ्याकडे येत येत आपल्या डोक्यात येऊन बसला होता, आणि आपण त्याला आपला स्वतःचा समजत होतो.

दुसऱ्या दिवसापासून दोघांनी तसं बोलायचं नाही असं ठरवलं. ठरवणं सोपं होतं. राजमा पडला की अब्बांचं तोंड उघडायचं आणि समीनाकडे बघून मिटायचं. पण मग ते नुसते पडलेल्या दाण्याकडे बघत बसायचे आणि त्यांचे डोळे भरायचे. शिवी निदान हाताला पुढे ढकलत तरी होती. आता हात तसाच पडून राहायचा. समीनाचंही तेच. ती येडी म्हणायची थांबली की आत एक पोकळी व्हायची, आणि त्या पोकळीत काय ठेवायचं ते तिला ठाऊक नव्हतं. तू हुशार आहेस, तू छान आहेस, असं तिने मोबाईलवरच्या एका बाईचं ऐकून म्हणून पाहिलं. पण ते परक्याच्या अंगातला सदरा घातल्यासारखं वाटलं.

मग ईद आली. सकाळी घरात शीरखुर्म्याचा वास सुटला होता. फरहानने दुबईहून पाठवलेला पांढरा कुर्ता अब्बांना घालायचा होता. ईदगाहपर्यंत चालणं जमण्यासारखं नव्हतं, पण शेजारचा शेखर आपल्या गाडीतून न्यायला तयार झाला होता. अब्बांनी हट्ट धरला की बटणं मीच लावणार, उजव्या हाताने. समीना त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. पहिलं बटण काजाजवळ जायचं आणि निसटायचं. बोटं थरथरत होती. बाहेर शेखरने गाडी सुरू केल्याचा आवाज आला. अब्बांचा श्वास चढला, जबडा आवळला गेला. ते वाक्य आता ओठांवर आलंच होतं.

आणि त्यांची ती थरथरती बोटं बघता बघता समीनाला घाट आठवला.

शाळेला सुट्टी असली की अब्बा तिला माणगावच्या खेपेला बरोबर न्यायचे. जाताना उतार असायचा. पण येताना नारळांनी गच्च भरलेला टेम्पो निजामपूर सुटलं की चढाला लागायचा. तिथे अब्बांचा आवाज बदलायचा. ते टेम्पोशी बोलायला लागायचे. स्टिअरिंगवर हळूच थोपटत, एखाद्या गाभण म्हशीला गोठ्यात नेताना बोलावं तसं. इंजिन तापलं की झऱ्यापाशी थांबून पाणी घालायचे आणि तिला म्हणायचे, हिला दम खाऊ दे, आपन पन खाऊ. मग दोघं कठड्यावर बसून शेंगा खात बसायचे. खाली कोकणातलं धुकं हळूहळू वर येत असायचं. मागून येणाऱ्या गाड्या हॉर्न देत निघून जायच्या, पण अब्बांना त्याचं काही वाटायचं नाही. त्या चढावर त्यांनी टेम्पोला कधी शिवी दिल्याचं तिला आठवत नव्हतं. एकदाही नाही. आणि शेजारच्या सीटवर बसलेल्या त्या लहान मुलीला तेव्हा वाटायचं की हे सगळं अब्बा आपल्याशीच बोलताहेत.

"दम खा गं राणी," समीना त्या हाताला म्हणाली. "घाई न्हाई आपल्याला."

अब्बांनी चमकून वर पाहिलं. त्यांचा चेहरा आधी कोरा राहिला, मग त्यावर काहीतरी उजळत गेलं. आणि त्यांच्या तोंडून ते सगळं बाहेर आलं, कुठेही न अडता, जुन्या लयीत, थोडंसं गात म्हटल्यासारखं.

"दम खा गं राणी, दम खा. घाई न्हाई आपल्याला. येवढं एक वळान. लई गुनाची हायेस तू. चल, सावकाश चल. आलंच बघ, आलंच."

स्वयंपाकघरातून अम्मा पळी हातात घेऊनच बाहेर आली. अब्बा स्वतःच थक्क होऊन बसले होते. जुईलीने सांगितलेलं समीनाला आठवलं. जन्मभर विचार न करता बोललेलं शाबूत राहतं. शिवी जशी राहिली होती तसंच हेही राहिलं होतं, फक्त ते हाताला कधी कुणी ऐकवलं नव्हतं.

बटण लागलं. दुसरं लागलं नाही, तिसरंही नाही. ती समीनाने लावून दिली, कारण शेखर खोळंबला होता. पण अब्बा ईदगाहला गेले ते एका हाताने वरचं बटण पुन्हा पुन्हा चाचपत.

त्यानंतर सगळं एकदम सरळ झालं असं नाही. हात पूर्वीसारखा झाला नाही, डॉक्टरांनीही तशी आशा दाखवली नव्हती. पण पावसाळा संपेपर्यंत अब्बा उजव्या हाताने पेला धरू लागले, आणि छोटी छोटी वाक्यं बोलू लागले. व्यायामाच्या वेळी ते हाताशी बोलायचे. जुईलीलाही ते इतकं आवडलं की ती दाराबाहेर चपला काढतानाच विचारायची, आज राणी काय म्हणते. कधीमधी गाढवही बाहेर यायचं. मग अम्मा आतून विचारायची, सासरे आले का? आणि अब्बा कान पकडायचे.

समीना कामावर परत गेली. एकदा एका आजींची शीर चुकली आणि तिच्या डोक्यात सवयीने सुरू झालं, हात आहेत का... तेवढ्यात तिला अब्बांनी मनगट धरल्यासारखं वाटलं. तिने सुई काढली, कापूस दाबला आणि मनात म्हणाली, दम खा, घाई न्हाई आपल्याला. म्हणताना तिला थोडी लाज वाटली. पण खांदे खाली आले, बोटं सैल झाली. आजींना तिने दोन मिनिटं बसा म्हणून सांगितलं, गरम पाण्याची पिशवी आणून दुसऱ्या दंडाला लावली आणि मग त्या हातातून रक्त घेतलं. काही दिवस हे जमायचं, काही दिवस जुना आवाजच आधी पोचायचा. पण तो आता तिला ओळखू यायला लागला होता. ओळखीचं माणूस दारात आलं की त्याला आत घ्यायचं का बाहेरूनच पाठवायचं हे निदान आपल्या हातात असतं.

नोव्हेंबरात एका रविवारी तिने अब्बा-अम्माला गाडीत घातलं आणि ताम्हिणीला नेलं. अब्बांनी पुढच्या सीटवर बसून रस्ता दाखवायचं काम स्वतःकडे घेतलं, जरी रस्ता एकच होता. धरणाचं पाणी उन्हात चकाकत होतं. जुन्या टपऱ्यांच्या जागी मोठे ढाबे झाले होते, पोरं मोटारसायकली लावून फोटो काढत होती. झऱ्याची जागा सापडली नाही. रस्ता रुंद करताना झऱ्याचा खडकच फोडला असावा. अब्बा कड्याकडे बघत म्हणाले, "असू दे."

एका ढाब्यावर ते तिघं चहाला बसले. तिथे अब्बांनी सावकाश, तुकड्या तुकड्यांनी, टेम्पो विकला त्या दिवसाची गोष्ट सांगितली. घेणारा कोलाडचा होता. त्याला किल्ली दिल्यावर ते रस्त्यापर्यंत चालत गेले होते आणि टेम्पो वळणाआड जाईपर्यंत उभे राहिले होते. नव्या मालकाने गिअर टाकताना खडखड केली तेव्हा त्यांना सांगावंसं वाटलं होतं की तिला जरा गोडीने घे. सांगायचं राहून गेलं. घरी येऊन त्यांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

रहिमतबी ऐकत होती. तिने बशीत चहा ओतून नवऱ्यापुढे सरकवला आणि म्हणाली की चाळीस-पंचेचाळीस वर्षं संसार केला, पण राणी, गुनाची, असं मला कधी म्हनाला न्हाईत. सगळं त्या टेम्पोलाच, घाट चढताना.

अब्बांनी बशी ठेवली. शब्द गोळा करायला त्यांना वेळ लागला. समीनाने मदत केली नाही, ती थांबली.

"तू..." ते म्हणाले, "तू कधी... चढ वाटलीच न्हाईस."

अम्माने पदराने बाकडं उगीचच पुसलं आणि मग ढाब्यावाल्याला हाक मारून आणखी एक चहा सांगितला, साखर कमी. उठायची घाई कुणालाच नव्हती. ऊन कलत होतं. खालून कोकणाकडून एक भरलेला ट्रक पहिल्या गिअरमध्ये कण्हत वर येत होता, आणि तो दिसेनासा होईपर्यंत अब्बा त्याच्याकडे बघत बसले.